मेटल डिटेक्टर हलका, वाळू जड! कोरड्या पुळणीवर अंगठी शोधताना शरीराचं नेमकं काय होतं?

यूट्यूबवर ते व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. एक माणूस समुद्रकिनाऱ्यावर आरामात चालतोय, हातात मेटल डिटेक्टर, टूंऽऽ असा आवाज येतो, तो खाली वाकतो आणि सोन्याची अंगठी बाहेर काढतो. दहा मिनिटांचा व्हिडिओ, चार अंगठ्या. बघताना वाटतं, यात काय अवघड आहे? फिरायला गेल्यासारखं तर आहे.

मलाही असंच वाटायचं. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ताईची अंगठी गणपतीपुळ्याशेजारच्या मालगुंडच्या किनाऱ्यावर हरवली आणि माझा हा गैरसमज दोन दिवसांत उतरला. पहिल्या दिवसाच्या शेवटी माझी कंबर धरली होती, उजवा खांदा वर जात नव्हता आणि हातात होती फक्त बाटल्यांची झाकणं.

या लेखात मेटल डिटेक्टर कसा काम करतो हे तर बघूच. पण मुख्य प्रश्न वेगळा आहे. सव्वा किलोचं मशीन माणसाला एवढं का दमवतं? आणि त्या दमण्याचा मशीनच्या रिझल्टवर काय परिणाम होतो? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात उशिरा कळलं.

आधी गोष्ट काय झाली ते

आम्ही नाशिक रोडचे. रात्रभर गाडी चालवून सगळं कुटुंब कोकणात गेलं होतं. रविवारी संध्याकाळी ताई पुळणीवर चटई टाकून बसली होती. घरी परतताना गाडीत लक्षात आलं की बोटात अंगठी नाही. अंगठी साधीच, पण आजीच्या पाटल्या मोडून केलेली. आजी आता नाही. त्यामुळे दाजी "नवीन करू" म्हणाले तेव्हा ताई काहीच बोलली नाही, आणि आम्ही सगळे समजायचं ते समजलो.

अडचण वेळेची होती. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की समुद्र खवळतो, लाटा एरवी कोरड्या असणाऱ्या भागापर्यंत पोचतात आणि वाळू इकडची तिकडे होते. म्हणजे आमच्याकडे एकच शनिवार-रविवार होता. माझ्या एका कॉलेजमित्राकडे छंद म्हणून घेतलेला मेटल डिटेक्टर आहे. तो मागून आणला आणि शुक्रवारी रात्री मी, ताई आणि दाजी परत निघालो.

फोनमधलं मेटल डिटेक्टर ॲप का चालत नाही?

हा प्रश्न दाजींनी गाडीत विचारला. प्ले स्टोअरवर अशी ढीगभर ॲप्स आहेत. मग मशीन कशाला?

तुमच्या फोनमध्ये मॅग्नेटोमीटर नावाचा सेन्सर असतो. मॅपमध्ये दिशा दाखवणारा बाण त्याच्यामुळे फिरतो. तो चुंबकीय क्षेत्र मोजतो. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र जागेनुसार साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं. जवळ लोखंड आलं की हा आकडा बदलतो आणि ॲप बीप करतं. पण सोनं, चांदी, ॲल्युमिनियम यांनी हा आकडा हलत नाही. म्हणजे ॲप खोटं नाही, पण ते लोखंड शोधणारं ॲप आहे.

नाशिककरांना हे वेगळ्या प्रकारे माहीत आहे. रामकुंडावर दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यातली नाणी काढणारी मुलं तुम्ही पाहिली असतील. चुंबकाला १ आणि २ रुपयांची नवी नाणी चिकटतात, कारण ती चुंबकाकडे ओढल्या जाणाऱ्या स्टेनलेस स्टीलची असतात. सोन्याची अंगठी त्या चुंबकाला कधीच चिकटणार नाही.

खरा मेटल डिटेक्टर वेगळं काम करतो. त्याच्या खालच्या गोल थाळीत, म्हणजे कॉइलमध्ये, तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा करंट जातो. त्यामुळे जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातू आला की धातूच्या आत छोटे छोटे भोवऱ्यासारखे करंट फिरू लागतात. हे करंट स्वतःचं एक क्षीण क्षेत्र तयार करतात आणि दुसरं वेटोळं ते ऐकतं. धातू चुंबकीय असण्याची गरज नाही, त्यातून वीज वाहिली की झालं. रेल्वे स्टेशनवर आपण ज्या चौकटीतून जातो, तिच्यातही हेच तत्त्व आहे.

शोधायचं कुठे? इथे मात्र फोन कामाला आला

किनारा केवढा मोठा! पण ताईच्या फोनमध्ये त्या संध्याकाळचे फोटो होते. ५ वाजून १२ मिनिटांच्या फोटोत बोटात अंगठी दिसत होती. ५ वाजून ५८ मिनिटांच्या फोटोत नव्हती. दोन्ही फोटो चटईजवळचेच.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू असेल तर प्रत्येक फोटोत जागा साठवलेली असते. गॅलरीत फोटोची माहिती उघडली की नकाशावर टिंब दिसतं. मोकळ्या आकाशाखाली फोनच्या जीपीएसची चूक साधारण ५ मीटरपर्यंत असते. फोटोत मागे दिसणाऱ्या दोन सुरूच्या झाडांवरून आम्ही जागा आणखी नक्की केली आणि १५ बाय १५ मीटरचा चौकोन काठ्यांनी आखला. म्हणजे २२५ चौरस मीटर.

एक टीप लक्षात ठेवा. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून लोकेशन निघून जातं. मूळ फोटो ज्या फोनमध्ये आहे, त्याच फोनमध्ये बघा.

जागा भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत होती. शोधणाऱ्यासाठी हे चांगलं. ओल्या पट्ट्यात लाटा वस्तू हलवतात. कोरड्या भागात वस्तू पडली तिथेच राहते, फक्त लोकांच्या पायांखाली हळूहळू खाली जाते. लोक बसतात, अंगाला क्रीम लावतात, अंगठी काढतात, टॉवेल झटकतात, ते सगळं इथेच. पण शरीरासाठी कोरडी वाळू म्हणजे शिक्षा आहे. का, ते आता पाहू.

दमणूक १: पाय

डांबरी रस्त्यावर पाऊल टाकलं की रस्ता आपल्याला उलट ढकलतो. कोरड्या वाळूत पाय टाकला की वाळूचे दाणे एकमेकांवरून घसरतात आणि आपली ताकद त्या घसरण्यात वाया जाते. १९९८ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी हे मोजलं होतं. त्याच वेगाने चालायला कडक जमिनीपेक्षा वाळूवर २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते, असं त्यांना आढळलं. गंमत म्हणजे धावताना हा फरक १.६ पटच होता.

म्हणजे गाडीपासून एक किलोमीटर पुळणीतून चालत गेलात तर पायांच्या हिशेबाने तुम्ही दोन किलोमीटरच्या वर चालून आलात. शोध सुरू व्हायच्या आधीच! यावर उपाय फुकट आहे. ओहोटीच्या वेळी ओल्या, कडक वाळूवरून चालत जा आणि आपल्या जागेसमोर आलात की मगच वर वळा. ओल्या वाळूत दाण्यांमधलं पाणी त्यांना धरून ठेवतं, त्यामुळे पाय कमी रुततो.

प्रत्यक्ष शोधताना मात्र चालणं अगदी थोडं असतं. तिथे पायांचं काम तोल सांभाळण्याचं. खालची वाळू सारखी सरकते, त्यामुळे घोटा आणि पोटरीचे स्नायू एक क्षणही सुट्टी घेत नाहीत. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखतात त्या यामुळे.

दमणूक २: खांदा आणि हात

आजचे साधे डिटेक्टर सव्वा ते दीड किलोच्या आसपास असतात. "एवढंच?" असं वाटेल. पण वजन किती आहे यापेक्षा ते हातापासून किती लांब आहे हे महत्त्वाचं. एक लिटरची पाण्याची बाटली हातात धरा, काही वाटणार नाही. तीच बाटली मीटरभर काठीच्या टोकाला बांधून काठी आडवी धरा. मनगट मिनिटभरात बोलायला लागेल. डिटेक्टरची कॉइल अशीच दांड्याच्या टोकाला असते.

म्हणून मशीनच्या मागच्या टोकाला कोपरासाठी खोबणी असते. हात त्या खोबणीत नीट बसवला की भार मनगटावर न येता कोपरापासूनच्या पूर्ण हातावर वाटला जातो. मी पहिल्या दिवशी पट्टा सैल ठेवला होता. मूर्खपणा!

आता हिशेब करू. कॉइलचा व्यास २८ सेंटिमीटर. एक हेलकावा साधारण दीड मीटर रुंद, त्याला दीड सेकंद. प्रत्येक हेलकाव्यानंतर पुढे सरकायचं फक्त १३ सेंटिमीटर, म्हणजे मधली जागा सुटत नाही. १५ मीटरच्या एका पट्ट्याला झाले सुमारे ११५ हेलकावे. असे १० पट्टे, म्हणजे ११५० हेलकावे. मशीन प्रत्येक वेळी एका बाजूला न्यायचं, थांबवायचं, परत उलटं आणायचं. थांबवायलाही ताकद लागतेच. वेळ लागतो जवळपास अर्धा तास, तोही मान खाली घालून आणि एकाच खांद्यावर.

दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये एल अलामेनच्या वाळवंटात सुरुंग शोधायला जो पोलिश डिटेक्टर वापरला गेला, त्याचं वजन जवळपास १४ किलो होतं. युझेफ कोसात्स्की या पोलिश इंजिनिअरचं ते डिझाइन. त्या तुलनेत आपलं मशीन पिसासारखं आहे. मशीन ८० वर्षांत दहा पट हलकं झालं. वाळू मात्र तेव्हा होती तेवढीच जड आजही आहे, आणि पुढचा मुद्दा तोच आहे.

दमणूक ३: खणणं (खरा खलनायक)

अर्ध्या तासात पूर्ण चौकोन होतो, मग मला पावणेदोन तास का लागले? कारण मध्ये २६ वेळा बीप झालं आणि २६ वेळा मी खाली बसून खणलं. प्रत्येक वेळी तीन मिनिटं धरली तरी ७८ मिनिटं झाली. म्हणजे शोधायला एक हिस्सा आणि खणायला त्याच्या अडीच पटींहून जास्त वेळ.

ओल्या वाळूत उभा खड्डा खणता येतो. कोरड्या वाळूत खणलं की कडा घसरतात. वाळूचा ढीग आपोआप जसा शंकूसारखा होतो, तसाच खड्डाही उलट्या शंकूसारखा होतो. कोरड्या वाळूचा हा उतार साधारण ३३ अंशांचा धरा. आता शाळेतलं सूत्र आठवा, शंकूचं घनफळ. वाळूचं वजन लिटरला १.६ किलो धरलं तर आकडे असे येतात:

- १० सेंटिमीटर खोल: सुमारे ४ किलो वाळू
- १५ सेंटिमीटर खोल: सुमारे १३ किलो
- २० सेंटिमीटर खोल: सुमारे ३२ किलो
- ३० सेंटिमीटर खोल: १०० किलोच्या वर!

खोली दुप्पट झाली की वाळू आठपट होते. ओल्या वाळूत २० सेंटिमीटरचा उभा, वीतभर रुंद खड्डा सात ते दहा किलोत होतो. कोरड्यात त्याच खोलीला तीन ते चार पट जास्त उपसा. शिवाय उपसलेली वाळू लांब टाकली नाही तर ती परत आत येते, तो हिशेब वेगळाच.

कोरड्या वाळूचा एक फायदाही आहे. ती जाळीतून पटकन गळते. म्हणून हाताने किंवा खुरप्याने खणू नका, भोकं असलेला स्कूप वापरा. एक घास घ्यायचा, हलवायचा, वाळू खाली, वस्तू वर. लांब दांड्याचा स्कूप असेल तर प्रत्येक वेळी बसावंही लागत नाही. २६ उठाबशा वाचतात.

मग नुसतं सोनंच दाखव असं मशीनला सांगता येत नाही का?

बऱ्याच मशीनवर धातूचा अंदाज सांगणारा आकडा येतो. लोखंडी खिळा बहुतेक वेळा ओळखू येतो. पण सोन्याची छोटी अंगठी आणि ॲल्युमिनियमच्या कॅनचं कान यांचे आकडे जवळजवळ सारखेच येतात. कॅनची कानं टाळायची म्हणून तो आकडा बंद केला, तर अंगठीही बंद झाली. म्हणून सोनं हवं असेल तर कचरा खणावाच लागतो. आमच्या २६ खड्ड्यांत निघालं काय? बिअरच्या बाटल्यांची झाकणं, कॅनची कानं, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाची चांदी, तीन खिळे, एक चमचा आणि पाच रुपयांचं नाणं.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आणखी एक भानगड आहे. मालगुंड, काळबादेवी या भागातल्या वाळूत इल्मेनाइट नावाचं लोह आणि टायटॅनियमचं काळं खनिज आहे. वाळूत काळे पट्टे दिसतात ते अशाच जड खनिजांचे. अशी वाळू स्वतःच मशीनला थोडा सिग्नल देते. म्हणून सुरुवातीला ग्राउंड बॅलन्स करावा लागतो, म्हणजे धातू नसलेल्या जागी कॉइल चार-पाच वेळा खालीवर करून मशीनला शिकवायचं की हा आवाज वाळूचा आहे, याच्याकडे दुर्लक्ष कर. आणि त्यानंतर कॉइल जमिनीपासून कायम सारख्याच उंचीवर ठेवायची. हे वाक्य मी शनिवारी वाचलं होतं. पाळलं नाही.

दमणूक ४: ऊन

कोरड्या वाळूत पाणी नसतं, त्यामुळे बाष्प होऊन थंड होणं नाही, आणि दाण्यांमधली हवा उष्णता खाली जाऊ देत नाही. सगळी उष्णता वरच्या थरातच साठते. भर दुपारी हा थर ५० अंशांच्या पुढे जाऊ शकतो. कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे घाम येऊनही शरीर थंड होत नाही.

ॲपल आपल्या आयफोनसाठी ० ते ३५ अंश हवेत वापरा असं सांगते. फोन तापला की स्क्रीन मंद करतो आणि सरळ मेसेज दाखवतो. शरीर असा मेसेज दाखवत नाही. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, पायात गोळे ही त्याची नोटिफिकेशन्स आहेत. ती आली की काम लगेच बंद, सावली, पाणी, ओआरएस. कोणी बरळायला लागलं किंवा शुद्ध हरपली तर १०८ ला फोन करा.

आम्ही शनिवारी चार वाजता सुरुवात केली होती. वाळू अजून तापलेलीच होती. एक लिटर पाणी तिघांत. त्या दिवशी जे चुकायचं ते सगळं चुकलं.

आता मुख्य गोष्ट: तुम्ही दमलात की मशीनही दमतं

शनिवारी संध्याकाळी पूर्ण चौकोन झाला होता. अंगठी नाही. ताई म्हणाली, "जाऊ दे, तू केलंस तेवढं पुष्कळ." रात्री खोलीवर मी झोपून (बसता येत नव्हतं) त्या संध्याकाळचा व्हिडिओ पाहत होतो. दाजींनी सहज काढलेला. सुरुवातीच्या पट्ट्यात कॉइल वाळूला जवळजवळ टेकून फिरत होती. शेवटच्या तीन पट्ट्यांत हेलकाव्याच्या दोन्ही टोकांना ती चांगली पाच-दहा सेंटिमीटर वर उचलली जात होती. झोपाळ्यासारखी! खांदा दमला की हात आडवा फिरत नाही, कमानीत फिरतो. मला शोधताना हे अजिबात जाणवलं नव्हतं.

आता याचा सिग्नलवर परिणाम बघा. कॉइलचं क्षेत्र अंतराबरोबर कमी होतं. धातूपर्यंत जाताना कमी, आणि धातूकडून परत येताना पुन्हा कमी. माझ्या २८ सेंटिमीटरच्या कॉइलसाठी सोपा हिशेब केला. अंगठी कॉइलपासून १० सेंटिमीटरवर आहे समजा:

- कॉइल ५ सेंटिमीटर वर उचलली: सिग्नल साधारण एक तृतीयांश
- कॉइल १० सेंटिमीटर वर उचलली: सिग्नल साधारण एक अष्टमांश

वस्तू कॉइलच्या आकाराच्या मानाने बरीच खोल असेल तर घसरण आणखी भयंकर असते. अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६४ पट कमी.

म्हणजे बॅटरी फुल, सेटिंग बरोबर, मशीन चांगलं, आणि तरीही त्या शेवटच्या पट्ट्यांच्या कडा मी शोधल्याच नव्हत्या. त्यांच्यावरून मशीन फक्त फिरवलं होतं. शिवाय शेवटी शेवटी बारीक बीप आला की "असेल झाकण" म्हणून मी खाली बसणं टाळत होतो. कमरेने निर्णय घेतला होता, डोक्याने नाही.

आपण इंजिनिअर लोक सर्किटचं डायग्राम काढतो तेव्हा त्यात कॉइल, प्रोसेसर, बॅटरी असते. खांदा नसतो. पण कॉइल किती उंचीवर राहील हे खांदाच ठरवतो. त्यामुळे तोही त्या सर्किटचाच भाग आहे.

रविवारी आम्ही काय बदललं

सकाळी पावणेसहाला पोचलो. वाळू गार, वारा मंद. नियम केले:

१. पाळ्या. एकाने २० मिनिटं मशीन, दुसऱ्याने खणायचं, तिसऱ्याने विश्रांती आणि पाणी. मग अदलाबदल. ताईनेही मशीन घेतलं.

२. हात बदलणं. प्रत्येक पट्ट्याला उजवा-डावा. डाव्या हाताने सुरुवातीला विचित्र वाटतं, दहा मिनिटांत जमतं.

३. हेलकावा लहान. दीड मीटरऐवजी एक मीटर. पट्टे वाढले, पण टोकाला कॉइल उचलणं बंद झालं. दांड्याची लांबीही उंचीप्रमाणे लावली, म्हणजे पाठ सरळ राहिली.

४. आडवी दिशा. शनिवारी उत्तर-दक्षिण गेलो होतो, रविवारी पूर्व-पश्चिम. पहिल्या दिवशीच्या सुटलेल्या जागा दुसऱ्या दिवशीच्या पट्ट्यांच्या मध्यावर येतात.

५. आधी नेमकी जागा, मग खड्डा. मशीनवर पिनपॉइंटचं बटण असतं. त्याने मधोमध खूण करून खणलं की खड्डा लहान राहतो. वरचं गणित आठवा, वाळू किलोत वाचते.

६. गुडघा टेकायचा, कमरेतून वाकायचं नाही. खाली जाड रबरी पॅड किंवा घडी केलेली गोणी.

७. बूट-मोजे. अनवाणी नाही. वाळूत काचा असतात, हे शनिवारीच कळलं होतं.

८. हेडफोन. बारीक सिग्नल वाऱ्यात आणि लाटांच्या आवाजात हरवतो. कान ताणून ऐकणं हीसुद्धा दमणूकच आहे.

९. पाणी समोर ठेवायचं. प्रत्येक पाळीनंतर प्यायचंच, तहान लागो न लागो. आमच्याकडे कोकम सरबत मीठ घालून होतं.

साडेसातच्या सुमाराला मशीन ताईच्या हातात होतं. बारीक, पण दोन्ही दिशांनी सारखा येणारा सिग्नल. दाजींनी तीन स्कूप काढले. तिसऱ्यात अंगठी. खोली अंदाजे एक हाताचा पंजा. जागा? शनिवारच्या नवव्या पट्ट्याची कड. मी तिच्यावरून गेलो होतो.

ताईने अंगठी ओढणीला पुसून बोटात घातली नाही, पर्समध्ये ठेवली. म्हणाली, "आता घरी गेल्यावरच."

कायदा आणि काळजी: हे वगळू नका

- भारतीय निखात निधी कायदा, १८७८. जमिनीत दडलेली, १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लपवलं तर शिक्षा आहे. जुनी नाणी, मूर्ती असं काही दिसलं तर खणणं तिथेच थांबवा. आपल्या नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ मध्ये नहपानाच्या चांदीच्या १३ हजारांहून जास्त नाण्यांचा साठा मिळाला होता. त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचे छाप मारले होते. तो साठा लोकांनी वाटून घेतला असता तर हा इतिहास आपल्याला कळलाच नसता.
- किल्ले, लेणी, जुनी मंदिरं, लष्करी भाग इथे मशीन काढूच नका. देवळाली कॅम्पच्या बाजूला राहणाऱ्यांनी तर विशेष लक्षात ठेवा.
- कासवांची घरटी. ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यापासून कोकणच्या किनाऱ्यांवर अंडी घालतात, तीही भरतीरेषेच्या वरच्या वाळूतच. वेळासचं कासव संवर्धन तुम्ही ऐकलं असेल. त्या दिवसांत स्थानिकांना विचारल्याशिवाय खणू नका.
- जाण्याआधी ग्रामपंचायतीत किंवा पोलीस पाटलांना सांगा. आम्ही सांगितलं होतं, त्यामुळे कोणी हटकलं नाही.
- प्रत्येक खड्डा बुजवा. अंधारात कोणाचा तरी पाय मुरगळेल. निघालेला कचरा परत वाळूत टाकू नका, पिशवीत भरून घेऊन जा.
- कंबरेचा, गुडघ्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर खणण्याचं काम दुसऱ्याला द्या.

थोडक्यात

मशीन घेताना आपण किती खोल शोधतं, किती किलोहर्ट्झ, बॅटरी किती तास, हे सगळं विचारतो. कोरड्या पुळणीवर मात्र पहिली संपते ती आपली बॅटरी. ती संपली की मशीन बंद पडत नाही, बीपही करत राहतं, म्हणूनच कळत नाही. तासाभराच्या घाईपेक्षा वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या जास्त शोधतात.

आणि सगळ्यात सोपा सल्ला: किनाऱ्यावर उतरायच्या आधी अंगठी काढून बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवा, आणि कॅमेऱ्याचं लोकेशन चालू करा. पहिलं विसरलात तर दुसरं उपयोगी पडेल.

तुमचं असं काही वाळूत हरवलंय का? सापडलं का? कमेंटमध्ये नक्की लिहा.